उसळीआधीच्या लाटा

राहू गावच्या शिवारात सुलक्षणाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ती नेमकं काय करते हे सांगू शकेल असाही सापडायचा नाही. केडगावच्या एका ज्युनियर कॉलेजात ती फिजिक्स शिकवते, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्यापुढं गेली आठ वर्षं ती पुण्याला विद्यापीठात काहीतरी करते आणि त्याचा आभाळाशी संबंध आहे, एवढ्यावर गावाचं ज्ञान थांबायचं.

तिचे चुलत सासरे हौसराव डेअरीवर दूध घालताना तिला भेटले की हमखास विचारायचे.

"सूनबाई, झालं का तुमचं आभाळ?"

"व्हायला आलंय, आप्पा."

"बाकीच्यांच्या सुना मटकीची उसळ करत्यात, आमची विश्वाची उसळी करती," असं ते रांगेतल्या माणसांना सांगायचे. रांग हसायची. सुलक्षणाही हसायची, कारण आप्पांनी निदान तो शब्द तरी लक्षात ठेवला होता.

एकदा त्यांनी खरंच कान देऊन ऐकून घेतलं होतं. तिनं सांगितलं, आज विश्व फुगतंय. मागं मागं जावं तसं ते लहान होत जातं. बरेच लोक म्हणतात, अगदी लहान, अगदी तापलेलं होतं तिथूनच सगळं सुरू झालं. पण काही जण असं धरून चालतात की त्याच्याही आधी विश्व होतं. ते आकसत आलं, एका हद्दीपर्यंत दाबलं गेलं आणि तिथून उसळून पुन्हा फुगायला लागलं. त्या आधीच्या विश्वात अगदी बारीक चढउतार होते, कुठं किंचित दाट, कुठं किंचित विरळ. लाटांसारखे. त्या लाटा उसळीतून सलामत पलीकडं आल्या का, आल्या तर कशा होऊन आल्या, हे ती मोजत होती. आज आभाळात जे तारे आणि दीर्घिका दिसतात त्या अशाच चढउतारांतून झाल्या, म्हणून त्यांचं मोल.

"मंग त्या आधीच्या जगात राहू व्हतं का?" आप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा. माणूसच नव्हता."

"म्हंजी आमदार बी नसंल."

"नसणार."

"लई बरं व्हतं की मग," म्हणून आप्पांनी किटली उचलली.

सुलक्षणाचं माहेर भीमेपलीकडचं, मांडवगण फराट्याचं. एम. एस्सी. झाल्यावर लग्न झालं, मग नोकरी लागली, मग राजनंदिनी झाली, आणि तिशी उलटल्यावर तिनं पीएच. डी.ला नाव नोंदवलं. शनिवारी भांडगावच्या फाट्यावर स्कूटी लावायची, पुण्याची एसटी पकडायची, संध्याकाळी परत. आठ वर्षं. विद्यापीठाची मुदत संपली, वाढवून मिळाली, तीही संपत आली. आता शेवटची तारीख होती दिवाळीच्या सुट्टीआधीची, एकतीस ऑक्टोबर. त्याआधी चोवीसला समितीपुढं बोलायचं, त्यांनी होकार दिला की प्रबंध दाखल करायचा. ही तारीख चुकली तर नाव रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला ती काही पंचविशीची नव्हती.

तरी त्या वर्षी तिच्या मनात धाकधूक नव्हती, कारण हातात चीज होती. तिच्या हिशेबात सर्वांत लांब लाटा बाकीच्यांपेक्षा बुटक्या निघत होत्या. आलेखावर डाव्या टोकाला रेघ खाली वळायची, खड्डा पडल्यासारखी. आणि खरोखरीच्या आभाळाची जी मोजणी झालीय, तिच्यातही अगदी मोठ्या अंतरांवर असंच काहीसं उणं दिसतं. ते का, यावर मोठमोठ्या लोकांचं एकमत नाही. तिच्या मार्गदर्शक गाडगीळ मॅडम सहसा कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. त्यांनी तो आलेख पाहिला तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "सुलक्षणा, हे छान आहे." प्रबंधाचा सहावा अध्याय त्या खड्ड्यावर उभा होता. शीर्षकातही तो होता.

उसळीच्या या साध्या मॉडेलची एक अडचण सगळ्यांनाच माहीत होती. घनतेच्या लाटांबरोबर गुरुत्वाच्या लाटाही उसळीतून पलीकडं येतात, आणि इथं त्या फारच मोठ्या निघतात. एवढ्या मोठ्या आभाळात कुणाला दिसलेल्या नाहीत. पण मॅडम म्हणायच्या, खड्डा इतका बरोबर आलाय म्हणजे मॉडेलमध्ये जीव आहे, दुसऱ्या दुखण्यावर औषध शोधता येईल. सुलक्षणालाही ते पटलं होतं.

नवरात्र सुरू होतं. रोहिदासनं, तिच्या नवऱ्यानं, त्या वर्षी झेंडू, ॲस्टर आणि शेवंती असे तीन तुकडे केले होते. दरवर्षी लागणीचे दिवस त्याची आई, तुळजाबाई ठरवायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोठ्याच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढून त्या बसल्या जागी दिवस धरायच्या. यंदा जुलैत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना त्या पुण्याला लेकीकडं होत्या. इकडं रोहिदासला बायामाणसं एकदमच मिळाली, सरी काढायला ट्रॅक्टरही मिळाला, म्हणून त्यानं तिन्ही तुकडे एकाच दिवशी लावून टाकले. काम एका झटक्यात उरकलं.

परिणाम आता वावरात उभा होता. झेंडूचा चांगला भर गणपतीतच येऊन गेला होता आणि दसऱ्याला झाडं दमलेली होती. शेवंतीला नुसत्या हिरव्या कळ्या. ॲस्टर तेवढं वेळेवर सापडलं होतं, तेही नशिबानं.

अष्टमीच्या दुपारी सासू-सून ॲस्टर तोडत होत्या. रोहिदास बांधावर क्रेट रचत होता. तुळजाबाईंचं तोंड तोडणीपेक्षा वेगात चाललं होतं.

"एका दिसात लावलं म्हणं. लगीन हाय का सामुदायिक?"

"आई, बाया मिळत न्हाईत," रोहिदास म्हणाला. "मिळाल्या तवा लावलं."

"आरं, पर झाड बायांकडं बघून फुलतंय व्हय? झेंडूला दोन म्हयनं लागत्यात, ह्याला तीन, शेवंतीला चारच्या वर. दसऱ्यावरनं मागं मोजायचं, ज्याचं त्येचं. ज्येला जास्त दीस लागत्यात त्येनं आधी निघायचं. समदी संगट निघाली तर लांबचा पोचंल कसा?"

"आता झालं ते झालं."

"झालं ते दिसतंयच की."

सुलक्षणाचा हात देठावर तसाच राहिला. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण उगीच दचकलो. मग तिनं तेच वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. समदी संगट निघाली तर.

तिच्या प्रोग्रॅममध्ये दोनशे चाळीस लाटा होत्या. आणि त्या सगळ्या एकाच क्षणी निघत होत्या.

आठ वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या महिन्यात तिनं तो क्षण ठरवला होता. तेव्हा ती फक्त आखूड लाटा तपासत होती, त्यांना तो पुरेसा होता. पुढं एकेक करत लांब लाटा घातल्या, पण निघायची वेळ बदलायचं राहून गेलं. गोम अशी की लाट विश्वाच्या त्या वेळच्या आवाक्याच्या पुष्कळ आत असते तेव्हाच तिची सुरुवातीची उंची खात्रीनं सांगता येते. आवाका म्हणजे तितकं अंतर, ज्याच्या आत इथली गोष्ट तिथवर पोचू शकते. आकसत्या विश्वात हा आवाका लाटांपेक्षा झपाट्यानं लहान होतो, आणि सर्वांत लांब लाटा सर्वांत आधी त्याच्या बाहेर पडतात. फुगत्या विश्वात लाटेचा जो भाग विरून जातो, तोच आकसत्या विश्वात वाढत जातो, आणि बाहेर पडल्यावरच ही वाढ जोर धरते. तिच्या सर्वांत लांब लाटा ती सुरुवात करायची तेव्हा केव्हाच बाहेर गेलेल्या असणार. त्यांच्या वाट्याची वाढ तिनं मोजलीच नव्हती. मग त्या बुटक्या निघतील नाही तर काय?

"सुलक्षणे, ऊन लागलं का गं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाही, आत्या. मी जरा घरी जाऊन येते."

"जा. आन् पाणी पी आधी. तोंड कसं झालंय बघ."

पाणी प्यायचं राहिलंच. तिनं लॅपटॉप उघडला. तपासायचा मार्ग सोपा होता. निघायची वेळ दुप्पट मागं न्यायची. खड्डा खरा असेल तर जागचा हलणार नाही. चुकीनं पडला असेल तर आणखी लांब लाटांकडं सरकेल. तिनं वीसच लाटा निवडल्या आणि प्रोग्रॅम सुरू केला. दीड तास लागला. तेवढ्या वेळात तिनं भाकरी थापल्या, राजनंदिनीची वेणी घातली, आणि तीनदा स्क्रीनपाशी जाऊन आली.

खड्डा सरकला होता.

तिनं वेळ चौपट मागं नेली. खड्डा आलेखाच्या बाहेरच गेला. डावीकडून उजवीकडं रेघ सपाट, सारवल्यासारखी.

रोहिदास हातपाय धुऊन आत आला तेव्हा ती तिथंच बसलेली होती. तिनं त्याला सांगितलं. त्याला सगळं कळलं नाही, पण हवं तेवढं कळलं.

"म्हंजी चुकलंय."

"हो."

"मॅडमच्या ध्यानात आलं न्हाई?"

"नाही."

"त्या समितीच्या?"

"त्यांना फक्त आलेख दिसतो. प्रोग्रॅम कोण उघडून बघतंय?"

रोहिदासनं टॉवेल खांद्यावर टाकला. "मंग ऱ्हाऊ दे की तसंच. डिग्री घे. मागनं दुरुस्त कर. आठ वर्सं तू किती मरमर केली ती मी बघितलीय, सुलक्षणा. पोरगी तापली तरी शनिवार चुकवला न्हाईस."

तो तिच्या बाजूनंच बोलत होता, म्हणून तिला उत्तर देणं जड गेलं.

"अहो, ह्याच्यावर माझं नाव असणार. कुणीतरी ते खरं धरून पुढचं काम करायला घेईल. त्याची आठ वर्षं जातील."

"आन् तुझी?"

"माझी गेलीतच. आता चोवीसपर्यंत बारा दिवस आहेत, ते मी घालवणार नाही."

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम घरी होत्या, पाहुणे होते, मागं भांड्यांचा आवाज येत होता. सुलक्षणानं एका दमात सांगितलं, कारण थांबलो तर बोलता येणार नाही याची तिला भीती होती. पलीकडची भांडी ऐकू येईनाशी झाली. मॅडम दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"सुरुवात एकाच वेळी? सगळ्यांची?"

"हो मॅडम."

"मी हे दोन वर्षं बघतेय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलेख आवडला होता मला. आवडला म्हणून विचारलं नाही."

"मॅडम, चोवीस तारखेला मी काय करू?"

"दोन गोष्टी करता येतील. सहावा अध्याय काढून टाकायचा आणि उरलेल्यावर निभावतं का बघायचं. समिती म्हणेल, यात नवं काय? दुसरं म्हणजे सगळ्या लाटा नव्यानं काढायच्या. पण लांब लाटा इतक्या मागून सुरू केल्या तर तुझ्या लॅपटॉपला महिना लागेल."

"काढते."

"बारा दिवसांत?"

"कॉलेजात संगणकांची लॅब आहे, मॅडम. अठरा चालू आहेत."

दसऱ्याची सुट्टी संपताच ती प्राचार्यांकडं गेली. प्राचार्यांनी अर्ज वाचला, "विश्वाचं आहे म्हणता, मग अडवणार कसं," म्हणाले आणि सही केली. अट एकच, तासाच्या वेळी मुलांना संगणक मोकळे हवेत. लॅबची किल्ली म्हस्कूमामांकडं असायची. म्हस्कूमामा तिथले जुने शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेले. प्रत्येक संगणकाची खोड त्यांना पाठ.

"त्यो सात नंबरचा घेऊ नगा, मॅडम. बंद पडतो आन् वर पुन्हा आपल्याकडंच बघतो."

"आणि बाराचा?"

"बाराचा गरीब हाय. कवा बी लावा."

तिनं लाटा वाटून दिल्या. लांब लाटांना सर्वांत मागची वेळ, आखूडांना पुढची, जिची तिला. सकाळी सातला लावायचं, साडेदहाला मुलं आली की जिथवर आलं तिथवर जतन करून थांबवायचं, दुपारी तीनला पुन्हा सुरू, सहाला लॅब बंद. मधल्या वेळात तिचे स्वतःचे तास. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि पाच संगणकांवरच्या जतन केलेल्या फायली बिघडून त्यांचं काम बुडालं. म्हस्कूमामांनी चहा आणून ठेवला.

"किती गेलं?"

"दोन दिवसांचं."

"मंग दोनच दीस गेलं," ते म्हणाले. "मला वाटलं समदंच गेलं. च्या घ्या, निवतोय."

तिनं चहा घेतला आणि दर वीस मिनिटांनी आपोआप वेगळी प्रत जतन होईल अशी सोय करून पाचही पुन्हा लावले. हे आधीच का सुचलं नाही म्हणून स्वतःला शिव्या घालायला तिला सवड नव्हती.

बावीस तारखेला संध्याकाळी शेवटची लाट हाती आली. सगळ्या मिळून रेघ सपाट. आधीच्या विश्वातल्या लांब लाटा आकसताना वाढल्या होत्या, उसळीतून पार झाल्या होत्या, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण तसंच राहिलं होतं. उसळीचा ओरखडा उमटला होता तो फक्त अतिशय आखूड लाटांवर, ज्यांची लांबी त्या दाबल्या गेलेल्या क्षणाच्या मापाची होती. खड्डा कुठंच नव्हता. आणि गुरुत्वाच्या लाटा होत्या तितक्याच मोठ्या. आता या मॉडेलची बाजू घ्यायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं. ज्या विश्वाचा हिशेब तिनं आठ वर्षं मांडला ते आपलं विश्व नव्हतं, निदान या साध्या रूपात तरी नव्हतं.

मग तेवीसला दिवसभर बसून तिनं सहावा अध्याय नव्यानं लिहायला घेतला.

चोवीसला समितीपुढं तिनं आधी जुना आलेख दाखवला, मग नवा. पहिला का चुकला ते पाच मिनिटांत सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं खडू खाली ठेवला. बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक होते, बारीक आवाजाचे. ते पुढं झुकले.

"म्हणजे तुमच्या प्रबंधाचा निष्कर्ष असा, की हे मॉडेल चालत नाही?"

"या रूपात चालत नाही, सर."

"हे साधारण माहीतच होतं."

"हो सर. पण उशिरा सुरुवात केली की ते चालल्यासारखं दिसतं, हे कुणी मांडलेलं मला सापडलं नाही. किती उशीर झाला की खड्डा किती खोल पडतो, त्याचं सूत्र मी काढलंय. आलेखात असा खड्डा दिसला तर तो आभाळाचा की माणसाचा, हे त्यावरून ओळखता येईल."

ती वळून फळ्याकडं गेली आणि खडू पुन्हा उचलून तिनं ते सूत्र लिहिलं. एकच ओळ होती. परीक्षकांनी ती वहीत उतरवून घेतली, मग वहीकडं बघत म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थ्याच्या आलेखातही डावीकडं रेघ खाली जाते. आज विचारतो त्याला, कधी निघालास म्हणून."

कुणी हसलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

पाऊण तासानं तिला आत बोलावलं. समितीचा होकार होता. एका सदस्यांची सूचना होती की चूक कशी झाली हा इतिहास मुख्य अध्यायात नको, शेवटी परिशिष्टात छोटा करून घालावा, बरं दिसेल.

"सर, परिशिष्ट कुणी वाचत नाही," सुलक्षणा म्हणाली. आपण समितीला उलटं बोललो हे तिला नंतर जाणवलं. "तो अध्यायातच राहू द्या."

अध्यक्षांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "माझी हरकत नाही. चूक मीही पाहिली नव्हती, हेही तिथंच लिही."

एकतीसला ती भांडगावहून पहिल्या गाडीनं निघाली. बांधलेल्या प्रती मांडीवर होत्या. विद्यापीठाच्या खिडकीपाशी तिचा नंबर आला तेव्हा साडेबारा वाजले होते. आतल्या कारकुनानं पहिलं पान पाहिलं, संगणकावर पाहिलं, पुन्हा पान पाहिलं.

"मॅडम, शीर्षक वेगळं आहे. नोंदणीला दुसरं दिलंय तुम्ही."

"हो. बदललंय."

"असं ऐन वेळी बदलता येत नाही."

"समितीची मंजुरी जोडलीय. चौथं पान."

त्यानं चौथं पान काढलं. वाचलं. उसासा टाकून खालच्या खणातून एक फॉर्म काढला आणि खिडकीतून सरकवला. "हा भरा. एकच्या आत द्या, मग माझं जेवण. दुपारनंतर दिवाळीची सुट्टी."

बसायला जागा नव्हती. सुलक्षणानं प्रती भिंतीशी ठेवल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर फॉर्म टेकवून उभ्यानंच लिहायला लागली. नाव, नोंदणी क्रमांक, जुनं शीर्षक, नवं शीर्षक. शेवटचा रकाना होता, बदलाचे कारण. मागच्या माणसानं घसा खाकरला. तिनं लिहिलं, "आधीचा निष्कर्ष चुकीचा होता," खाली सही केली, आणि फॉर्म आत सरकवला.